स्कॉर्पिओच्या मागे होडी लावली आणि अ‍ॅव्हरेज सव्वासातवर आलं : हे चालायचंच का?

खाडीकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी गुहागरचा. मालवणातून जुनी १७ फुटी फायबरची होडी घेतली, ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन आणि दोन चाकी ट्रेलरसकट. गाडी स्कॉर्पिओ, २.२ डिझेल, मॅन्युअल. मागच्या रविवारी मालवण-कसाल-कणकवली-हातखंबा-चिपळूण-गुहागर असा ओढत घरी आणली. गाडीत मी, मेहुणा आणि दोन पिशव्या काजूगर.

टाकी फुल ते टाकी फुल हिशोब: २८१ किमी, ३८.६ लिटर. म्हणजे ७.२८. एरवी याच रस्त्यावर हीच गाडी १३ देते, कधी साडेतेराही.

कमी होणार हे माहीत होतं. पण जवळजवळ निम्मं? मेहुणा म्हणतो, "घाट आहेत, वजन आहे, देणारच नाही." वडील म्हणतात, "होडी समुद्रात चालवायची असते." दोघांनाही उत्तर देता आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी नियमित ट्रेलर ओढतं का? तुमचे आकडे काय?

डिझेलभक्त | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

अ‍ॅव्हरेज बघायचं असेल तर होडी घेऊ नये आणि होडी घ्यायची असेल तर अ‍ॅव्हरेज बघू नये. (हलके घ्या.)

माझ्याकडे ट्रेलर नाही, पण भावाची थार एकदा जेट-स्कीचा ट्रेलर घेऊन अलिबागला गेली होती. १२ वरून साडेनऊला आली. ट्रेलरसकट ५०० किलो असेल. तुमचं वजन किती?

नुसताच_वाचक | ५ ऑक्टोबर, रात्री १०:३१

वाखुसा (वाचनखूण साठवली). पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

घाटमाथा | ५ ऑक्टोबर, रात्री ११:०३

मेहुण्याशी सहमत. कोकणात सपाट रस्ता असा नाहीच. निवळी घ्या, कामथे घ्या, राजापूरचे चढउतार घ्या. वजन आणि चढ, डिझेल इथेच जातं. मी कराडहून कुंभार्ली उतरून दर महिन्याला चिपळूणला येतो. जाताना चढावर डिस्प्ले ५ दाखवतो, तोही रिकाम्या गाडीचा.

आणि एक सुचवू का? वर्षातून दोनदाच हलवायची असेल तर पिकअप भाड्याने घ्या आणि होडी त्यात टाका.

खाडीकाठ | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

@डिझेलभक्त, वजन विकणाऱ्याने "असेल सातशे" असं सांगितलं. काट्यावर केलेलं नाही.

@घाटमाथा, १७ फूट होडी पिकअपच्या बाहेर सहा-सात फूट लोंबते. आणि भाडं ऐकलं की होडी विकावीशी वाटते.

सड्यावरची | ६ ऑक्टोबर, दुपारी १:०८

मी रत्नागिरीत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे असा प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. घाटावर सगळं खापर फोडण्याआधी थोडा हिशोब करू या.

गाडी, माणसं आणि ट्रेलर मिळून २८०० किलो धरा. कुंभार्ली साधारण ६०० मीटर चढवते. २८०० × ९.८ × ६०० म्हणजे साडेसोळा मेगाज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, पण चाकापर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा पोचतो, बाकीचा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जातो. म्हणजे लिटरमागे १२ हाती लागले. साडेसोळाला बाराने भागा, अख्खा घाट चढायला १.४ लिटर. ट्रेलर नसता तरी १ लिटर लागलंच असतं. म्हणजे कुंभार्लीसारखा घाट चढताना ट्रेलरच्या नावावर किती? चारशे मिली. चहाचे तीन-चार कप.

घाटात डिस्प्ले ५ दाखवतो कारण तो त्या क्षणाचं सांगतो. घाट मात्र बारा-पंधरा किलोमीटरचाच असतो, २८० चा नव्हे.

आता वारा. गाडी आणि होडी मिळून ६० च्या वेगाला वारा अंदाजे २५ किलोच्या जोराने मागे खेचतो. वेग ८० केलात तर हा जोर वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेदोन पट, ४५ किलो. हा २० किलोचा फरक शंभर किलोमीटरभर खेचायचा म्हणजे सुमारे १.६ लिटर. घाट एकदा येतो आणि संपतो. वारा हातखंब्यापासून घरापर्यंत सोबत असतो.

तेव्हा खाडीकाठ, खरं सांगा, मोकळा रस्ता मिळाल्यावर किती वेगाने आलात?

खाडीकाठ | ६ ऑक्टोबर, दुपारी २:४५

ताई, दंडवत.

खरं सांगायचं तर काँक्रीटचा चौपदरी पट्टा लागला की ८५-९०. मेहुणा चालवत होता. (मी झोपलो होतो, असं लिहायचा मोह होतोय, पण राजापूरपर्यंत मीच होतो.)

घाटमाथा | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

हिशोब मान्य, पण ताई, तुम्ही फक्त चढ धरलात. कोकणात उतारही तेवढाच. उताराला डिझेल वाचतं असं म्हणायचंय का?

सड्यावरची | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२२

चांगला मुद्दा आणि इथेच कोकणाची गोम आहे. उतार लांब आणि मंद असेल तर चढाला घातलेलं बरंचसं परत मिळतं, गाडी आपल्या वजनाने धावते. आपल्याकडे सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, खाडीत उतरणारा रस्ता मात्र वळणावळणाचा. तिथे मागे ट्रेलर घेऊन मोकळं सोडणार कोण? ब्रेक मारावाच लागतो आणि जे वर चढवलं ते ब्रेकच्या गरमीत जातं.

म्हणून तुम्ही हायवेने आलात ते बरं झालं. किनाऱ्याच्या रस्त्याने देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, पूर्णगड असे आला असतात तर दर खाडीला उतरा आणि दर सड्याला चढा. शंभर मीटरचा एक सडा म्हणजे या वजनाला पाव लिटर. मोजा किती सडे लागतात ते. सागरी रस्ता नकाशावर सपाट दिसतो, पण तो समुद्राकडून पाहणाऱ्याला.

तांडेल_मालवणी | ६ ऑक्टोबर, रात्री ८:५०

ह्या सगळा ठीक आसा. पण कोणीच इचारूक नाय, होडी पावसात खय होती? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडये सगळे वर काढलेले. उघड्यार उभी असली तर आत पाणी साठतला. बूच काढलंस काय?

खाडीकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री ९:०५

ताडपत्री होती. आत बघितलं तेव्हा सुकं होतं.

तांडेल_मालवणी | ६ ऑक्टोबर, रात्री ९:११

वर सुकाच दिसतला. पाटाखाली बघ.

खाडीकाठ | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:०३

मंडळी, हसू नका.

सकाळी ट्रेलरचं तोंड दगडावर उचलून धरलं, होडीची मागची बाजू खाली केली आणि बूच काढलं. बूच म्हणजे अंगठ्याएवढं पितळी. आधी काळपट पाणी, मग पानं, मग एक बेडूक. पाणी थांबायला पंचवीस मिनिटं लागली. शेवटी आई बाहेर येऊन म्हणाली, "अंगणात कसला ओहोळ आलाय?"

तळाचा पाट आणि होडीचं पोट यांच्यामध्ये पोकळी असते आणि सगळं तिथे साठलेलं. मालवणपासून गुहागरपर्यंत मी पावसाचं पाणी डिझेल जाळून आणलंय. गुहागरला, जिथे पावसाची काहीच कमतरता नाही.

तांडेलदादा, तुम्हाला सुरमई लागू.

डिझेलभक्त | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

खिक्! बेडकाचं तिकीट काढलं होतं का?

जुना_मिस्त्री | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

पाण्याने फार तर शे-सव्वाशे किलो वाढले. २८०० मध्ये तेवढ्याने ७ चं ९ होत नाही. मी तीस वर्षं गॅरेज चालवलं, त्यात दहा वर्षं जेटीजवळ. होडीच्या ट्रेलरला एकच जुना रोग असतो, तो इथे कुणी विचारला नाही.

ट्रेलरला ब्रेक आहेत का? असतील तर बहुधा ढकल्याचे, म्हणजे गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे ढकलला जातो, हिचमधला (गाडी आणि ट्रेलरच्या जोडातला) दांडा आत सरकतो आणि तो मागची केबल खेचतो. होडी पाण्यात सोडताना हा ट्रेलर खाऱ्या पाण्यात बुडतो. केबल गंजते. मग ब्रेक लागतो, पण सुटत नाही. गाडी ओढत राहते, ड्रायव्हरला कळत नाही, कारण मागे एवढं वजन असताना थोडं जास्त जड लागणं त्याला स्वाभाविक वाटतं.

बेअरिंगचंही तेच. चालून तापलेला हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, थेट पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. ग्रीसचं ताक होतं. उतरवण्यापूर्वी अर्धा तास थांबा, हब गार होऊ द्या.

एक काम करा. वीस-पंचवीस किलोमीटर ओढा, शक्यतो ब्रेक न मारता थांबा आणि दोन्ही हबला हात लावा. आधी बोट, मग हात. दोन्ही सारखे कोमट असले तर माझं चुकलं.

टायरची हवाही बघा. उभ्या ट्रेलरची हवा कोण बघतो?

कायदेपंडित_नाही | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

अवांतर, पण महत्त्वाचं. ट्रेलर हे मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे वेगळं वाहन आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते आणि त्याचा नंबर त्याच्या बाजूवर लावावा लागतो. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर मागून दिसेल असा लागतो, हे कलम ६१ मध्ये आहे. जुनी होडी घेताना लोक इंजिनाचे कागद बघतात आणि ट्रेलरचे विसरतात. विम्याचंही विचारून घ्या.

गाडीच्या पुस्तकात ओढण्याच्या वजनाचे आकडे बघा. ब्रेक असलेल्या ट्रेलरचा एक, बिनब्रेकच्या ट्रेलरचा दुसरा. दुसरा बराच कमी असतो.

खाडीकाठ | ७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

कागद आहेत, नंबर बाजूला आहे, मागचा गाडीचा नंबर नाही. लावून घेतो. मिस्त्रीकाका, ब्रेक ढकल्याचेच आहेत. रविवारी बघतो.

सड्यावरची | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४८

काकांचं निदान पटतंय, फक्त किती डिझेलचा दोष ब्रेकवर टाकायचा याला मर्यादा आहे. समजा अडकलेला ब्रेक शंभर किलोमीटरला २ लिटर खातो. मग ७० च्या वेगाला त्या एका ड्रममध्ये सतत साडेचार हजार वॅट गरमी तयार होईल. घरातले दोन गिझर एकत्र. तसं असतं तर राजापूरला धूर दिसला असता. फार तर पाऊण लिटर धरा. उरलेलं वेगाकडे आणि बेडकाकडे.

खाडीकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५५

आज गेलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्हा सगळ्यांमुळेच कळलं.

निघताना ट्रेलरच्या टायरची हवा बघितली. डावा १८, उजवा २०. टायरवर ३६ लिहिलंय. मुद्दाम भरली नाही, म्हटलं आधी जसं आलो तसंच बघू या. गुहागरहून शृंगारतळी, पुढे मार्गताम्हाने. शेवटचा अर्धा किलोमीटर गिअरवर सोडत सोडत, चढाला गाडी थांबवली. डावा हब कोमट, झोपेतून उठलेल्या मांजराएवढा. उजव्याला बोट नेलं आणि टेकवायच्या आधीच परत घेतलं. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र आवाज, आणि त्या ओल्या डागाची वाफ.

शेजारी टपरीवाला बघत होता. म्हणाला, "तव्यावर काय टाकताय?"

परत आलो हळूहळू. ड्रम उघडला. केबलच्या आवरणात गंज फुगलेला, केबल ओढली जाते पण मागे येत नाही. ब्रेकचे शू घासून काचेसारखे गुळगुळीत झालेले. बेअरिंगचं ग्रीस बोटावर घेतलं, तर मिस्त्रीकाकांचा शब्द शंभर टक्के खरा, ताक. दोन्ही बाजूंच्या केबल, बेअरिंग, सील, शू नवे टाकतोय, पाण्याला टिकणारं ग्रीस मागवलंय.

जुना_मिस्त्री | १२ ऑक्टोबर, रात्री १०:२०

बरं झालं, चाक निखळण्याआधी सापडलं. हे अ‍ॅव्हरेजचं दुखणं नव्हतं, अपघाताचं होतं. डिझेलने फक्त सांगितलं.

आता अजून एक मोजा. हिचवर किती भार येतो? ट्रेलरच्या तोंडाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली माणसाचा वजनकाटा. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. कमी असला तर ट्रेलर शेपूट हलवतो, जास्त असला तर गाडीचं नाक वर येतं.

खाडीकाठ | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

काका, आईचा वजनकाटा घेतला. २६ किलो! ८० च्या पुढे आरशात ट्रेलर डोलताना दिसायचा, मला वाटायचं वाऱ्याने. होडी एक वीत पुढे सरकवली आणि नांगर-दोर पुढच्या कप्प्यात टाकले. आता ७८.

काटा आईला परत देताना पुसून दिला नाही, त्यावरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

खाडीकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. सामान यायला उशीर, मग दिवाळी. आता आकडे.

चिपळूणला काट्यावर वजन केलं, ट्रेलर आणि होडी ८२० किलो, सुकी. (विकणाऱ्याचे "असेल सातशे".) सगळं नवं, टायर ३६, होडी कोरडी. एकच रस्ता दोनदा केला, गुहागर-चिपळूण-हातखंबा आणि परत, २५० किमी. एकाच पंपावर, एकाच मशीनवर, कट-ऑफ झालं की थांबायचं, वर एक थेंब नाही.

पहिल्या शनिवारी हायवेला ६० च्या वर गेलो नाही: २६.१ लिटर, म्हणजे ९.६.

काल हायवेला जमेल तिथे ८०, गुहागर-चिपळूण रस्ता आधीसारखाच: २८.९ लिटर, म्हणजे ८.६५.

ताई, हायवेचा भाग १६० किलोमीटर. तुमच्या शंभराला १.६ च्या हिशोबाने २.५६ लिटर फरक यायला हवा होता, आला २.८. वर्गात सांगा.

८० ने गेल्याचे जेमतेम पाऊण तास वाचले आणि अडीचशे रुपये गेले. मेहुणा म्हणाला, पाऊण तासाचे अडीचशे म्हणजे स्वस्तच. त्याला म्हटलं, डिझेल तू भर.

घाटमाथा | ९ नोव्हेंबर, रात्री ११:००

मान गये. घाट निर्दोष सुटला.

पण मग पहिल्या फेरीचे ७.२८ कुठे गेले? ८० लाही साडेआठच्या वर येतंय.

सड्यावरची | १० नोव्हेंबर, दुपारी १२:४०

शंभराला लिटरमध्ये बघा, नाहीतर फसायला होतं. पहिली फेरी १३.७, आता ८० ने ११.६. फरक २.१. त्यात ब्रेकचे पाऊण, ९० पर्यंत पळवल्याचे अर्धा, टायर आणि पाणी मिळून अर्धा, उरलेलं रस्त्याच्या कामांच्या डायव्हर्जनला पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गेलेलं. सगळं अंदाजे, पण जुळतंय. एकटा कुणीच चोर नव्हता.

आणि ते नुसत्या गाडीचे १३ म्हणजे ७.७. तेव्हा ६० ने नीट चालवून ट्रेलरचा खरा खर्च शंभराला पावणेतीन लिटर. तो कुणालाच टळणार नाही.

डिझेलभक्त | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

सहाव्या गिअरचं काय? ६० ला सहावा टाकलात का?

खाडीकाठ | १० नोव्हेंबर, दुपारी १:५०

नाही. ६० ला सहाव्यात इंजिन कण्हतं, जरा चढ आला की पाय पूर्ण दाबावा लागतो. पाचवा, चढाला चौथा. उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने, ब्रेक कमी.

दापोलीची_सून | १० नोव्हेंबर, रात्री ८:२५

उशिरा येतेय. आम्हालाही असाच ट्रेलर घेऊन गुहागरला यायचंय. चिपळूणवरून वळसा घालण्यापेक्षा दाभोळ-धोपावे जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) आणला तर? ट्रेलर चढवतात का? डिझेल तर नक्की वाचेल.

खाडीकाठ | १० नोव्हेंबर, रात्री ९:१०

चढवतात, वहिनी. मी एकदा आणलाय. तिकीट ट्रेलरचं वेगळं. दोन गोष्टी सांभाळा. पूर्ण ओहोटीला उतार फार तिरपा होतो आणि हिचचा खालचा भाग फळीला घासतो, म्हणून अर्ध्या भरतीच्या पुढे या. आणि उतरवताना बोटीवर रिव्हर्स घ्यावा लागला तर मागे माणूस उभा करा. मला तीन वेळा पुढेमागे करावं लागलं, तोवर मागच्या रिक्षावाल्याने उतरून माझ्या हातातलं स्टिअरिंगच मागितलं.

दिलं. एका दमात लावला त्याने. घरी ट्रॅक्टर आहे म्हणाला.